एकही चूक नसलेली मेल

समुद्रकाठच्या पोर्ट कार्लिन या छोट्या गावातली बँकेची शाखा बंद झाली, तेव्हा डॉरीन पास्कोने तिथल्या काउंटरमागे चौतीस वर्षं काढली होती. गावात कुणाचं खातं कधी उघडलं, कुणाच्या सहीची शेपटी कुठे वळते, कोण पैसे काढताना नवऱ्याकडे चोरून बघतं, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. मग एक दिवस वरून पत्र आलं, महिन्याभरात टेबलं-खुर्च्या उचलल्या गेल्या आणि त्या जागेत गळ, दोऱ्या आणि मासेमारीचे बूट विकणारं दुकान आलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या हाती मोबाइल देऊन बँक म्हणाली, आता तुमचं तुम्ही बघा. लोक बघायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग खोट्या मेलही यायला लागल्या.

शाळेला जोडून असलेल्या वाचनालयातली जसिंटा डॉरीनकडे आली. "तुम्हीच काहीतरी करा. लोक माझ्याकडे येतात, आणि मला स्वतःचाच पासवर्ड आठवत नाही."

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी दहा वाजता डॉरीनचा वर्ग भरायला लागला. पंधरावीस जण यायचे. डॉरीन आठवड्यातली एखादी खोटी मेल पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि लाल पेन हातात घेऊन मास्तरीणबाईसारखी वाचायची. "पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, नावाखालचा पत्ता बघा. नाव काय, मीसुद्धा राणीचं लावीन! लिंकवर बोट दाबू नका, नुसता माउसचा बाण वर नेऊन धरा, तिचं खरं गाव खाली दिसतं. आणि घाई. 'आजच करा, नाहीतर खातं बंद.' खऱ्या बँकेला कधी घाई असते का? माझ्या बँकेत तुम्ही तासतासभर रांगेत उभे राहिलात, विसरलात?" लोक खो खो हसायचे. डॉरीनला ते हसू आवडायचं. शाखा गेल्यापासून दुसऱ्या कशानेच तिचं मन इतकं भरलं नव्हतं.

त्याच वर्गात मागच्या जुलैत, ऐन हिवाळ्यात, क्लेम नित्श्के आला होता. क्लेमने तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांची पोरं त्याच्या बसमध्ये वाढली होती. तो खोट्या मेलला फसला होता, अडतीसशे डॉलरला. त्याने स्वतःहूनच सांगितलं, मेलची छापील प्रतही आणली होती, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून. डॉरीनने ती पडद्यावर लावली आणि लाल पेनाने एकेका चुकीभोवती गोल काढत गेली. वर्ग तिच्या मागून मोजत होता. नऊ, दहा, अकरा.

"अकरा, क्लेम!" डॉरीन म्हणाली होती. "बँकेच्या नावातच एक अक्षर गायब आहे. पहिलीतल्या पोरानेसुद्धा हे खिडकीबाहेर फेकलं असतं, आणि तू त्याला बँक समजलास?"

खोली हसून हसून कोसळली. क्लेमही हसला. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. माणसाला इतर कामं असतात, असं म्हणून डॉरीनने तो विषय सोडून दिला.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी ती आपल्या स्वयंपाकघरात लॅमिंग्टन करत होती. केकचे चौकोनी तुकडे पातळ चॉकलेटमध्ये बुडवायचे आणि किसलेल्या खोबऱ्यात घोळवायचे. शनिवारच्या विक्रीसाठी अठ्ठेचाळीस तुकडे हवे होते. विक्री रुग्णांच्या गाडीसाठी होती. गावातल्या दवाखान्यात डायलिसिस होत नाही, डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. म्हणून रुग्णांना मोठ्या गावी, पोर्ट लिंकनला, नेण्या-आणण्यासाठी समितीची एक गाडी होती आणि ती आता मोडकळीला आली होती. दोन वर्षं सॉसेज भाजून, जॅमच्या बाटल्या आणि केक विकून समितीने नऊ हजार सहाशे चाळीस डॉलर जमवले होते. डॉरीन खजिनदार होती. खात्यावर दोन सह्या लागायच्या, तिची आणि समितीतल्या थोराची. जानेवारीत थोरा वारली. तिच्या जागी समितीची अध्यक्ष एव्हिस हिचं नाव घालायचा अर्ज डॉरीनने बँकेला केला होता आणि तोवर गाडीच्या विम्याचे पैसे अडायला नकोत म्हणून एका सहीवर व्यवहार चालू ठेवायची परवानगीही स्वतःच मागून घेतली होती. अर्जाला तीन आठवडे झाले होते. ती उत्तराची वाट बघत होती.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. डॉरीनचे दोन्ही हात चॉकलेटने माखले होते. तिने करंगळीच्या टोकाने मेल उघडली. वर बँकेचं नाव, खाली तिचं नाव, नीट लिहिलेलं. 'खात्यावरील अधिकृत व्यक्तींची खातरजमा. आज दुपारी बारापर्यंत पूर्ण न झाल्यास प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागेल.'

"तीन आठवडे झोपले आणि आता मला तास देतात," ती स्वतःशीच म्हणाली आणि हात पुसून बसली.

पान उघडलं. तेच रंग, तीच अक्षरं. तिने ग्राहक क्रमांक घातला, पासवर्ड घातला. फोनवर सहा आकडी कोड आला. कोडच्या खाली नेहमीचं वाक्य होतं, हा कोड कुणालाही देऊ नका, बँक तो तुमच्याकडे कधीही मागत नाही. हे वाक्य डॉरीनने तीन वर्षं दर गुरुवारी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ते इतकं ओळखीचं होतं की तिने ते वाचलंच नाही. तिने कोड भरला. पान म्हणालं, धन्यवाद. डॉरीन परत लॅमिंग्टनकडे वळली आणि राहिलेले एकोणीस तुकडे घोळवून तिने ताट फडक्याने झाकलं.

मग हात धुऊन ती लॅपटॉपवर बसली, एव्हिसला दाखवायला त्या मेलचा कागद काढावा म्हणून. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर फक्त नाव दिसलं होतं. इथे नावापुढे पूर्ण पत्ता होता. बँकेच्या नावाला जोडून एक आडवी रेघ, मग कसलेसे आकडे, मग तिने कधी न ऐकलेल्या ठिकाणचं शेपूट.

डॉरीन बराच वेळ त्या शेपटाकडे बघत राहिली. मग तिने खात्यात शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा घातला. चुकीचा आहे. आणि तिने पहिली गोष्ट कुठली केली, तर उठून खिडकीबाहेर बघितलं, कुणी बघत तर नाही ना. बाहेर रस्ता रिकामा होता, शेजाऱ्याचं कुत्रं सावलीत पडलं होतं.

काय करायचं ते तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. बँकेला लगेच फोन. पहिला तास सोन्याचा. हेही तीच शिकवायची. तिने फोन उचलला, नंबर पाठ होताच. तिकडून यंत्रातली बाई बोलली, "आपण कशासाठी फोन केला आहे, ते थोडक्यात सांगा."

डॉरीनने तोंड उघडलं. शब्द होते, पण ते तिचे नव्हते. ते क्लेमसारख्यांचे शब्द होते. मी लिंक उघडली. मी कोड दिला.

"माफ करा, मला समजलं नाही," यंत्रातली बाई म्हणाली. "आपण कशासाठी फोन केला आहे?"

"काही नाही," डॉरीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर तिने स्वतःला काय काय सांगितलं! कदाचित पैसे गेलेच नसतील. कदाचित पासवर्ड मीच चुकवत असेन. तक्रारी घेणाऱ्या विभागात आता लिनेट असते, मीच तिला नोटा मोजायला शिकवलं होतं. आज तिच्या हाती नको लागायला. आणि पैसे गेले असतील तर माझ्या ठेवीतून भरून टाकीन, कुणाला कळायचंही कारण नाही. ही शेवटची गोष्ट तिने इतक्या वेळा स्वतःला सांगितली की संध्याकाळपर्यंत तिला ते शहाणपण वाटायला लागलं.

बुधवारी सकाळी तिने पुढच्या खोलीचे पडदे उघडलेच नाहीत. साडेनऊला दारावर टकटक झाली.

"डॉरीन? मी क्लेम."

ती बोळात उभी होती, दारापासून तीन पावलांवर. दाराच्या काचेतून त्याची टोपी दिसत होती. तिची गाडी बाहेर उभी होती, त्यामुळे ती घरात आहे हे त्याला ठाऊक होतं. डॉरीन श्वास रोखून उभी राहिली. एकाहत्तर वर्षांची बाई, स्वतःच्याच घरात चोरासारखी.

"बरं नाही का गं?" तो दाराशी बोलला. थोडा वेळ थांबला. मग कागदाची घडी दाराखालून आत सरकली आणि त्याची पावलं पायऱ्या उतरून गेली.

क्लेमचं अक्षर मोठं आणि तिरकं होतं. 'डॉरीन, काल मला ही आली. बँकेची आहे असं म्हणते. मी दोनदा वाचली, चूक एकही नाही सापडली. तरी खरी वाटत नाही, फार घाई करते. मी काही दाबलं नाही. उद्या वर्गात सांग, म्हणजे कुणी अडकणार नाही. क्लेम.' खाली त्याने मेल छापून चिकटवली होती. तीच मेल होती. नाव तेवढं वेगळं.

डॉरीन बोळातल्या खुर्चीवर बसली. तिने तो कागद तीनदा वाचला. क्लेमने तिला टोमणा मारला असता, तर तिला सोपं गेलं असतं.

दुपारी एव्हिसचा फोन आला. एव्हिस बोलायला लागली की समोरच्याला फक्त हुं हुं करायचं काम असतं. शनिवारी सॉसेजबरोबर कांदे किती लागतील यावर दोघी वीस मिनिटं बोलल्या. डॉरीन म्हणाली, दहा किलो पुरे. एव्हिस म्हणाली, बारा आण, मागच्या वेळी अकरा वाजताच संपले होते. डॉरीन म्हणाली, बरं, बारा आणते. फोन ठेवताना एव्हिसने विचारलं, "बँकेचं काही आलं का गं? माझ्या सहीचं?"

"अजून नाही," डॉरीन म्हणाली.

गुरुवारी तिने आजारी पडायचं ठरवलं होतं. पण तिला रात्रभर क्लेमचं वाक्य आठवत राहिलं, म्हणजे कुणी अडकणार नाही. शेवटी तिने आपल्याशी सौदा केला. मेल दाखवायची, सावध करायचं, स्वतःचं नाव काढायचं नाही.

खोलीत सतरा माणसं होती. एव्हिस पहिल्या रांगेत, विणकाम घेऊन. डॉरीनने मेल पडद्यावर लावली, नाव झाकून.

"ही नवीन आहे," ती म्हणाली. "हिच्यात भाषेची एकही चूक नाही. यापुढे चुकांवरून ओळखता येईल असं समजू नका. पत्ता बघा, आणि मोबाइलवर पत्ता दिसत नाही, त्यामुळे मोबाइलवर काही उघडूच नका."

"अगंबाई, ही तर मलाही आली!" मागून व्हॉनी म्हणाली. ती केस कापायचं दुकान चालवते. "मी रात्री भरणारच होते. म्हटलं, उद्या डॉरीनला विचारू."

"कुणी फसलं का गं हिला?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"माझ्या माहितीत तरी नाही," डॉरीन म्हणाली.

"फसेल कोण?" एव्हिसने सुई हलवत म्हटलं. "तीन वर्षं हिच्यापुढे बसून जो फसेल त्याला मी आपल्या गाडीतूनच उतरवीन!" खोली हसली. "खरं सांगू? गाडीचं खातं हिच्या हातात आहे ना, म्हणून मला झोप लागते."

डॉरीनने पडद्याकडे बघितलं. मग टेबलावर हात टेकले.

"मी भरली," ती म्हणाली.

लोक जास्तच हसले. तिचं असं असायचं, काहीतरी नाटक करून शिकवायची. व्हॉनीने टाळ्याही वाजवल्या.

"नाही. ऐका. मी भरली ही मेल. मंगळवारी अकरा वाजता. पासवर्ड दिला, कोड दिला."

"पुरे गं आता," एव्हिस हसत म्हणाली, "कळलं आम्हाला, कुणीही फसू शकतं."

"एव्हिस, मी गाडीचे पैसे घालवले."

तीन वेळा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी विणकामाच्या सुया थांबल्या. खोलीत इतकी शांतता झाली की पुढच्या इमारतीतल्या पोरांचे पाढे ऐकू यायला लागले. कुणाला कुठे बघावं कळेना. काहींनी चपला-बुटांकडे बघितलं, काहींनी पडद्याकडे. डॉरीनला वाटलं, आता कुणीतरी मोजायला लागेल.

जसिंटानेच तिचा दंड धरला आणि तिला आतल्या छोट्या खोलीत नेलं. "बँकेला कळवलंत?" डॉरीनने नकारार्थी मान हलवली. जसिंटाने आणखी काही विचारलं नाही, नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

लाइनवर लिनेट नव्हती. एक तरुण मुलगा होता, मृदू बोलणारा. त्याने नाव, खातं विचारलं, कीबोर्डवर टकटक करत राहिला. "मंगळवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी पाच हजार गेले, मॅडम. एका दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. बाकीचे चार हजार सहाशे चाळीस बुधवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी गेले."

"बुधवारी," डॉरीन म्हणाली.

"हो. तुम्हाला हे कधी लक्षात आलं?"

"मंगळवारी. बारा वाजायच्या आत."

पलीकडे टकटक थांबली. "आज गुरुवार आहे."

"हो."

"मला इथे उशिराचं कारण लिहावं लागतं, मॅडम."

डॉरीनने दाराच्या काचेतून बाहेर बघितलं. एव्हिस विणकाम पिशवीत भरत होती. "लाज वाटली," डॉरीन म्हणाली.

"मी 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहितो," मुलगा म्हणाला. त्या पोराच्या दयेनेच तिचे डोळे भरून आले. तोवर ती रडली नव्हती.

खातं गोठवलं गेलं. पण गोठवायला त्यात काही उरलंच नव्हतं.

शनिवारची विक्री झाली. डॉरीन गेली नाही. बारा किलो कांदे तिने जसिंटाबरोबर पाठवले आणि लॅमिंग्टनचं ताटही. सोमवारी तिने आपली ठेव मोडून नऊ हजार सहाशे चाळीस डॉलर समितीच्या नव्या खात्यात भरले. मंगळवारी सभेत गेली, खजिनदारपदाचा राजीनामा लिहून घेऊन. समितीच्या पाच बाया टेबलाभोवती बसल्या होत्या. कुणी तिला चहा दिला. राजीनामा कुणी नाकारला नाही.

बाहेर पडल्यावर एव्हिस तिच्या गाडीपर्यंत आली. डॉरीन म्हणाली, "पैसे पूर्ण भरलेत मी. एक सेंटसुद्धा कमी नाही."

"पैशाचं कोण बोलतंय?" एव्हिसचा चेहरा लाल झाला होता. "बुधवारी तू माझ्याशी कांद्यांबद्दल बोललीस, डॉरीन. वीस मिनिटं. दहा किलो की बारा. मी तुला सहीचं विचारलं आणि तू म्हणालीस, अजून नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही फसले असते, त्याचं मला काही नाही. पण तू मला मूर्खासारखं बोलू दिलंस."

"मला सांगता येईना."

"का? मी काय खाल्लं असतं तुला?"

डॉरीनला उत्तर माहीत होतं. तू हसली असतीस. जसे क्लेमला आपण सगळे हसलो, आणि सगळ्यांत पुढे मी होते. पण ते एव्हिसला सांगण्यासारखं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाला तरी सांगायचं होतं.

क्लेम गावाच्या टोकाला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहतो. ती गेली तेव्हा तो पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर मासे साफ करत बसला होता. भोवती माश्या घोंघावत होत्या. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

"ऐकलं मी," तो म्हणाला. गावात ऐकायचं कुणी राहिलं नव्हतं.

"तू बुधवारी आलास, तेव्हा मी घरात होते."

"माहीत आहे. कागद सरकवताना तुझे पाय दिसले दाराखालून."

डॉरीनला वाटलं होतं त्याहून हे अवघड निघालं. ती येताना वाक्यं जुळवून आली होती, त्यातलं एकही कामाला येईना. "मागच्या हिवाळ्यात मी तुझ्या चुका मोजल्या," ती म्हणाली. "तुझ्या नव्हे, त्या मेलच्या. पण तुझ्याच. सगळ्यांपुढे. तू मदत करायला कागद घेऊन आला होतास आणि मी त्याचा तमाशा केला. त्याची मला लाज वाटते, क्लेम. त्या दिवशीच वाटायला हवी होती, ती आत्ता वाटते. स्वतःवर आलं तेव्हा."

क्लेमने मासा उलटा केला, पोटाकडून चिरला. "मी पण हसलोच की."

"हो."

"घरी येईपर्यंत हसलो." त्याने आतडी बादलीत टाकली. "मार्लीनला कुणीतरी सांगितलं. माझी लेक, अ‍ॅडलेडला असते ती. अकरा चुका म्हणे, बाबा, अकरा! तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. दुसऱ्याच आठवड्यात आली आणि बँकेचं सगळं आपल्या हातात घेतलं. कार्ड नेलं. आता शुक्रवारी मला खर्चाला पाठवते. आमिषाला शिंपले आणायचे असले तरी तिला सांगावं लागतं, कशाला हवेत, किती हवेत." त्याने पुढचा मासा उचलला. "वाईट नाही गं ती. काळजी करते. पण तीस वर्षं मी लोकांची पोरं सांभाळून नेली, एकाला खरचटूसुद्धा दिलं नाही."

डॉरीनला हे माहीत नव्हतं. आठ महिन्यांत तिने विचारलंही नव्हतं.

"मी काय करू, सांग."

"काही नको." त्याने सुरी पुसली. मग जरा कुतूहलाने विचारलं, "होती का गं चूक त्यात? मला नाही सापडली."

"पत्ता खोटा होता. मोबाइलवर दिसत नव्हता."

"मला पत्त्याबित्त्यातलं कळत नाही. मला फक्त घाई दिसली, तेवढ्यावरून सोडून दिली." त्याने मान हलवली. त्याने तिला बस म्हटलं नाही, चहाचंही विचारलं नाही. पण ती निघाली तेव्हा फाटकापर्यंत आला आणि तिने गाडी वळवेपर्यंत उभा राहिला.

मार्लीनचा नंबर मिळवायला डॉरीनला दोन दिवस लागले. क्लेमला विचारायचं नव्हतं. शेवटी चर्चच्या जुन्या यादीत सापडला. या वेळी ती फोन कानाला लावून कुणी उचलेपर्यंत उभीच राहिली.

"मी पोर्ट कार्लिनहून डॉरीन पास्को बोलते," ती म्हणाली. "वाचनालयात बँकेच्या मेलचा वर्ग घेत होते, ती."

"अच्छा," तिकडून आवाज आला. "तुम्हीच ना त्या? माझ्या बाबांच्या चुका मोजणाऱ्या?"

"मीच."

मग डॉरीनने सगळं सांगितलं. मंगळवार, कोड, फोन ठेवला तो, दोन दिवस गप्प बसली ते, बुधवारचे चार हजार सहाशे चाळीस. परक्या बाईला, जी मध्ये एकदाही हुं म्हणत नव्हती. "चौतीस वर्षं बँकेत काढलेली बाई फसली," ती म्हणाली, "आणि तुझे बाबा नाही फसले. तीच मेल त्यांना आली होती. त्यांनी ओळखली, हात लावला नाही, आणि मला सांगायला दारापर्यंत आले. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी त्यांना सगळ्यांपुढे मूर्ख ठरवलं, आणि तुझ्यापर्यंत तेवढंच पोचलं. ते खोटं होतं, एवढंच सांगायला फोन केला."

फोनच्या पलीकडे मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"बाबांनी सांगितलं का तुम्हाला फोन करायला?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"मग सांगू नका," मार्लीन म्हणाली. "मी विचार करते." आणि फोन ठेवला.

मे महिन्यात बँकेने बुधवारच्या रकमेतले एकवीसशे डॉलर कुठल्याशा खात्यात अडवून परत मिळवले. बाकीचे गेले ते गेलेच. गुरुवारचा वर्ग आता जसिंटा घेते. डॉरीन शेवटच्या रांगेत बसते, विचारलं तरच बोलते. एव्हिस तिला भेटली की हवापाण्याचं बोलते, पहिल्यासारखं तासभर नाही.

जूनमध्ये एकदा व्हॉनी केस कापता कापता तिला म्हणाली की क्लेमची लेक आठवडाभर येऊन गेली, दोघं पोर्ट लिंकनच्या बँकेत गेले होते म्हणे. कशाला गेले होते, ते व्हॉनीला माहीत नव्हतं. डॉरीनने विचारलं नाही. तिने आरशात बघितलं, मग मान खाली घातली आणि म्हणाली, "मागून जरा आणखी बारीक कर."